साहेब, सूत पाहिलं होतं ना?

दिल्ली, ता. १२ नोव्हेंबर १९३४

मामूजान यांस रहेमानचा आदाब.

ऑफिस सिमल्याहून खाली उतरून तीन आठवडे झाले. तिथे थंडीनं बोटं वळत नव्हती, इथे धुळीनं टाइपरायटरच्या किल्ल्या अडकतात. बाकी माझी खुशाली आहे.

आज मुद्दाम लिहितो ते एका कामासाठी. हिशेब-तपासणीसाठी सरकारनं जे सल्लागार मंडळ नेमलं, त्याचे कागद आता माझ्या टेबलावर येतात. मंडळात मुंबई, मद्रास, कलकत्त्याचे मोठे ऑडिटर आहेत. त्यांना स्वतः हुकूम काढता येत नाही. ते बसतात, वाद घालतात आणि सरकारला सल्ला देतात. नियम सरकार करतं. पण मी दोन वर्षं पाहतोय, त्यांच्या सल्ल्यातला शब्द बहुतेक वेळा जसाच्या तसा नियमात उतरतो. आज त्या खोलीत जे ठरेल, ते उद्या देवळ्याच्या कांदा-व्यापाऱ्याच्या दुकानात बसलेल्या ऑडिटरला पाळावं लागेल.

सध्या त्यांच्यापुढे प्रश्न असा आहे. ऑडिटर ताळेबंदाखाली सही करतो, की अमुक माल शिल्लक आहे. तो माल त्यानं स्वतः पाहिलेला असला पाहिजे, की मॅनेजरनं लिहून दिलेली यादी पुरे? मोठ्या शहरांतले म्हणतात, यादी पुरे, आम्ही गोदामं मोजत बसलो तर वर्ष सरेल. गावोगावच्या दाखलेवाल्या ऑडिटरांचं मत जानेवारीअखेरपर्यंत मागवलं आहे. तुम्हालाही कागद येईल. इंग्रजीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. मराठीत लिहा, भाषांतर माझ्याकडेच येतं. तुम्ही तीस वर्षं वह्या तपासल्यात, गोदामांत शिरून पोती मोजलीत, मलाही मोजायला लावलीत. तुम्ही नाही लिहायचं तर कुणी?

इथे सकाळी तांबट आळीचे हातोडे ऐकू येत नाहीत. तीन वर्षं झाली तरी जाग आली की आधी कान तिकडे जातो. तुमचं अक्षर अलीकडे बदललेलं वाटतं. तब्येत जपा.

घरात सर्वांना सलाम सांगावा. सर्वांना.

आपला,
रहेमान


नाशिक, ता. २० नोव्हेंबर १९३४

चिरंजीव रहेमान यास दुआ.

तुझं पत्र पोचलं. दिल्लीहून तो इंग्रजी कागदही आला. अक्षराचं म्हणशील तर उजव्या हाताची बोटं थोडी दुखतात, काळजीचं कारण नाही.

मत लिहून पाठवण्याचा माझा विचार नाही. मोठ्या लोकांनी ठरवावं. आपण सांगतील तसं करावं.

मागल्या आठवड्यात देवळ्याला जाऊन आलो. कांद्याच्या चाळीत शिरलं की डोळ्यांना पाणी येतं आणि कपड्यांचा वास आठ दिवस जात नाही. मॅनेजरनं कांद्याचं वजन अंदाजानं लिहिलं होतं. पुन्हा तोलायला लावलं तर दीडशे मण कमी भरलं. तो म्हणाला, कांदा सुकतो. म्हटलं, सुकतो हे खरं, पण वहीत सुकत नाही, हे कसं? मग त्यानं आकडा खोडला.

फूफीचे गुडघे थंडीनं धरलेत. तुझी फार आठवण काढते. या खेपेला ईदला येणार का, असं विचारायला सांगितलं आहे. मागच्या दोन ईदना तू आला नाहीस.

घरातल्या सर्वांचा सलाम. सर्वांचा.

निजामुद्दीन


दिल्ली, ता. २ डिसेंबर १९३४

आदाब.

हे पत्र पाकिटावर मामूजानच्या नावानं आहे, पण ते फोडणारी, वाचणारी आणि उत्तर लिहिणारी जी आहे तिलाच मी हे लिहितो.

सकीना, जैतुनबी माझ्या आईची बहीण, माझी खाला. मामूजानची थोरली बहीण. ते तिला जन्मभर 'आपा' म्हणत आले. बापाची बहीण म्हणून तिला 'फूफी' म्हणणारं त्या घरात एकच माणूस आहे. बोटं दुखतात म्हणून मामूजाननी तुला पत्र सांगितलं असतं, तर सांगताना त्यांच्या तोंडून 'आपा' आलं असतं, आणि तूही तेच लिहिलं असतंस. म्हणजे त्यांनी सांगितलेलं नाही. तू मनानं लिहिलंस. मग मी जुनी पत्रं काढली. गेल्या वर्षीच्या जूनपासून सगळी तुझ्याच हातची आहेत.

दीड वर्ष मी मामूजानना लिहीत होतो आणि वाचत होतीस तू. यात मला राग आला असं वाटून घेऊ नकोस. रात्रभर मी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचत होतो. 'मोगरा लावला आहे, अजून फूल नाही' हे मामूजान कशाला लिहितील, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण कांद्याची चाळ कुणी पाहिली? वजन कुणी तोलायला लावलं? मामूजान कसे आहेत? मला खरं सांग.

रहेमान


नाशिक, ता. १४ डिसेंबर १९३४

रहेमान यांस सलाम.

रोजे सुरू आहेत. दुपारी अब्बा पडलेले असतात, तेवढ्यात लिहिते.

अब्बांना दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, माणूस दारात उभं राहिलं की सावली कळते, बस्स. मोतीबिंदू काढायला दोनदा नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, आतली नस सुकली आहे. तेव्हापासून खतावणी मी वाचून दाखवते. आकडे त्यांच्या डोक्यात उभे राहतात. मी पुढल्या पानावर गेले तरी ते मागल्या पानावरच्या चुकीवर थांबतात, 'सकीना, तेलाचा भाव परत वाच.' बाहेरगावी मी आणि फूफी बरोबर जातो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची सेवा करायला लेक आली आहे. मी बुरख्यातून सगळं पाहते आणि रस्त्यात अब्बांना सांगते. सही करायची असेल तिथे त्यांचं बोट नेऊन ठेवते. सही अजून सरळ येते.

तुम्ही विचाराल, तुम्हाला का कळवलं नाही. अब्बांनी शपथ घातली होती. 'तो परीक्षा सोडून पळत येईल,' म्हणाले.

आता जे सांगते ते फूफीलासुद्धा नीटसं ठाऊक नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अब्बा मालेगावला एकटेच गेले. तोवर मलाही त्यांनी कळू दिलं नव्हतं की डोळे इतके गेलेत. विणकरांनी दहा-दहा रुपयांचे शेअर काढून सुताची कंपनी काढली होती, तिचं ऑडिट होतं. गोदामाच्या तीन खोल्या. सेक्रेटरीनं पहिल्या खोलीत साठ गठ्ठे दाखवले. अब्बांनी हात फिरवून मोजले. मग चहा आला. चहा पिईपर्यंत हमालांनी तेच साठ गठ्ठे मागच्या दारानं दुसऱ्या खोलीत नेले. मग तिसऱ्या. प्रत्येक गठ्ठ्यावर गिरणीचा नंबर लाल शाईत होता. दिसणाऱ्याला दुसऱ्याच खोलीत कळलं असतं. अब्बांनी लिहिलं, 'एकशेऐंशी गठ्ठे समक्ष पाहून खात्री केली.'

त्या कागदावर विश्वासून विणकरांनी आणखी पैसे घातले. सहा महिन्यांत सेक्रेटरी पसार झाला. बारकू नावाच्या हमालानं पोलिसांत सगळं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. एकशेचाळीस घरं बुडाली. कितीतरी माग मोडीत गेले. सगळे म्हणाले, बिचाऱ्या ऑडिटरला फसवलं. अब्बांना कुणी एक शब्द बोललं नाही. तेच त्यांना सोसत नाही.

मग एक दिवस मेहरुन्निसा नावाची विणकरीण मालेगावहून आमच्या घरी आली. पन्नाशीची असेल. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, 'साहेब, सूत पाहिलं होतं ना?'

अब्बा म्हणाले, 'हो.'

ती उठली आणि गेली. त्या दिवसापासून अब्बा जेवताना बोलत नाहीत. त्या प्रश्नाचा कागद दिल्लीहून आला तेव्हा मी वाचून दाखवला. 'माल स्वतः पाहिलेला असला पाहिजे का?' अब्बा म्हणाले, 'ठेवून दे.' मी ठेवला. पण त्यानंतर तीनदा त्यांनी विचारलं, 'तो कागद कुठे आहे?'

त्या मंडळानं सरकारला सल्ला द्यायचा. पण मंडळाला सल्ला कोण देणार? ज्यांना सुताच्या गठ्ठ्यावर हात ठेवायची वेळच आली नाही ते?

तुम्हाला सगळं सांगितलं. आता छातीवरचं ओझं थोडं हलकं वाटतं, आणि थोडी भीती वाटते.

सकीना


दिल्ली, ता. २६ डिसेंबर १९३४

सकीना,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी ऑफिसला गेलो नाही. ताप आला म्हणून सांगितलं.

माझं ऐक. मत पाठवू नका. मीच लिहा म्हणालो होतो, तो शब्द मी मागे घेतो. इथे आलेला प्रत्येक कागद नंबर पडून फायलीत जातो. मामूजाननी त्यात अर्धं जरी लिहिलं तरी कुणीतरी विचारेल, हे तुम्हाला कसं ठाऊक? मग मुंबई सरकारला पत्र जाईल, मामूजानचा ऑडिटचा दाखला रद्द होईल. घर त्या दाखल्यावर चालतं. ज्याला कुणी दोष दिला नाही त्यानं स्वतःहून तो ओढून घ्यावा, याचा कुणाला उपयोग? मालेगावचे माग परत येणार आहेत का? माझं हे पत्र आणि तुझं ते पत्र, दोन्ही जाळून टाकायची. मी तुझं जाळायला घेतलं होतं. जमलं नाही. पण तू माझं जाळ.

आणि तू खरं सांगितलंस तर माझंही ऐक. मी ऑडिटरच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. पहिल्यांदा तर पहिल्याच पेपरला कळलं होतं. मामूजान म्हणाले होते, डिप्लोमा घेऊन ये, मग निकाह. मी रिकाम्या हातानं कसा येऊ? गेल्या वर्षी परीक्षा देऊन मुंबईहून परत येताना गाडी सकाळी नाशिक रोडला थांबली. दहा मिनिटं. मी खिडकीशी होतो. एक म्हातारी पेरू विकत होती, 'घ्या भाऊ, घरच्या झाडाचे हायेत' म्हणत होती. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. तासाभरात मी दूध बाजारात, तुमच्या दारात असतो. मी पेरू घेतले आणि उतरलो नाही. ते पेरू मी खाल्ले नाहीत. झाशीपर्यंत मांडीवर धरून बसलो होतो.

रहेमान


नाशिक, ता. ९ जानेवारी १९३५

रहेमान यांस सलाम आणि ईद मुबारक. परवा ईद झाली.

तुमचं पत्र मी जाळलं नाही. अब्बांना वाचून दाखवलं. सगळं. पेरूसुद्धा.

मी वाचत होते आणि ते तसबीह हातात घेऊन बसले होते. वाचून झाल्यावर ती उशाशी ठेवली. मग म्हणाले, 'म्हणजे सांगितलंस तू त्याला.'

मी म्हटलं, 'हो.'

'बरं केलंस,' म्हणाले. 'कागद-दौत आण.'

मी आणलं. फूफी भाकरी थापत होती, तिला बोलावलं. म्हणाले, 'आपा, मी आता जे लिहवून घेणार त्यानंतर या घरात पैसा येईल की नाही सांगता येत नाही. आधी ऐक.' आणि मालेगावचं सगळं तिला सांगितलं. फूफी हाताला पीठ तसंच ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, 'आणि सकीनाचं काय? तिचं लग्न व्हायचंय. आंधळ्या बापाची लेक चालेल लोकांना, पण खोट्या बापाची?' अब्बा म्हणाले, 'खोट्या बापाची लेक ती दीड वर्ष आहेच. आज कळलं तुला, इतकंच.'

मी भांडले. म्हटलं, मत लिहा, नियम कसा हवा ते लिहा, पण स्वतःचं नाव कशाला? 'एका ऑडिटरनं' असं लिहू. ते म्हणाले, 'कुणी एक जण असं लिहिलं की वाचणारा समजतो, हे गोष्ट सांगताहेत. मंडळात बसलेले म्हणतात, यादी पुरे. त्यांना माहीत आहे की यादी पुरे होत नाही, पण कुणाचं काय बिघडलं ते त्यांनी पाहिलेलं नाही. मी त्यांना दाखवतो.'

मग सांगायला लागले आणि मी लिहीत गेले. चार पानं झाली. नियम त्यांनी असा सुचवला आहे की ऑडिटरनं सहीच्या वर दोन वेगळे रकाने लिहावेत. मी स्वतः पाहिलं ते एकात. दुसऱ्याच्या शब्दावर घेतलं ते दुसऱ्यात, आणि तो दुसरा कोण, त्याच्या नावानिशी. 'सगळंच पाहणं एका माणसाला होत नाही,' म्हणाले. 'होत नाही हे लिहायला लाज नको.' शेवटी मालेगावचं लिहिलं. ते लिहिताना माझा हात थांबला. 'लिही,' म्हणाले. 'मी थांबलो होतो, तू थांबू नकोस.' सही मी बोट नेऊन ठेवल्याशिवाय त्यांनी केली. थोडी खाली उतरली आहे.

रजिस्टर पोस्टानं पाठवलं. आता ते तुमच्या टेबलावर येईल.

आता तुमचं. नापास झालात, हे कळवायला दोन वर्षं लागली? मी दोन वर्षं समजत होते की दिल्लीत तुम्हाला कुणीतरी चांगलं घर दाखवलं असेल, चांगली शिकलेली मुलगी असेल, म्हणून येत नाही. पत्रात 'सर्वांना' हा शब्द दोनदा लिहिलेला असायचा, त्यावर मी महिना महिना काढत होते. आणि तुम्ही स्टेशनावर येऊन परत गेलात! दहा मिनिटं! मी त्या सकाळी काय करत असेन ते आठवायचा किती प्रयत्न केला. काहीतरी निवडत असेन, धूत असेन. कुणी सांगितलंही नाही.

सकीना


दिल्ली, ता. १७ फेब्रुवारी १९३५

सकीना,

मामूजानची चार पानं सुपरिंटेंडेंटसाहेबांनी भाषांतराला माझ्याकडे दिली. ऑफिसात दुसऱ्या कुणाला मराठी येत नाही. मी तीन पानं टाइप केली आणि चौथ्यावर थांबलो. तिथे ते वाक्य होतं. 'मी सूत पाहिलं नव्हतं. पाहिलं असं लिहिलं. डोळे गेले होते हे त्याचं कारण नाही. डोळे गेले हे कबूल करायची लाज वाटली, हे कारण आहे.'

मी ते गाळलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. नियमाची सूचना पोचली असती, घर वाचलं असतं. खरं सांगतो, मी त्याच्याशिवायचं पान टाइप केलं. स्वच्छ, एकही खोडाखोड नाही. मग ते यंत्रातून काढून हातात धरलं आणि मला कळलं की मी तेच करतोय. जे आहे ते नाही म्हणून सही करतोय. ते पान फाडलं आणि वाक्य घालून नवीन केलं. मग साहेबांकडे जाऊन सांगितलं की लिहिणारे माझे मामा आहेत, त्यांनीच मला वाढवलं. साहेबांनी भाषांतर माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, 'आधी सांगायला हवं होतंस. भाषांतर दुसऱ्या खात्याकडून तपासून घेतो. पण तुला या टेबलावर ठेवता येणार नाही.'

तेरा तारखेला मंडळ बसलं. मी दाराबाहेर कागद घेऊन बसलो होतो. आतून आवाज येत होते. यादी पुरे, यादी पुरे. मग मामूजानचा कागद वाचला गेला आणि आवाज थांबले. थोड्या वेळानं मला आत बोलावलं. मद्रासचे एक वृद्ध सभासद आहेत, पगडी घालतात. ते म्हणाले, 'हे वाक्य त्यांच्या भाषेत वाच.' मी म्हटलं, 'साहेब, मराठी आहे.' ते म्हणाले, 'मला समजणार नाही. ऐकू दे.'

मी वाचलं. सकीना, त्या उंच छताच्या खोलीत, त्या मोठमोठ्या माणसांपुढे मी मामूजानचं मराठी मोठ्यानं वाचलं. साडेतीन वर्षांत इथे मी मराठी मोठ्यानं बोललो नव्हतो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मद्रासचे सभासद म्हणाले, 'माझी दृष्टी गेल्या वर्षीपासून कमी झाली आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही.' पुढे कुणी यादीचं नाव काढलं नाही. मंडळानं सल्ला लिहिला, त्यात दोन रकान्यांची सूचना जवळजवळ मामूजानच्या शब्दांत आहे. सरकार ती घेईल की नाही हे अल्लाला ठाऊक. सल्ला तो सल्लाच. पण तो आता छापील कागदावर आहे.

दाखल्याची बाब मुंबईला गेली आहे. ती थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

एप्रिलपासून माझी बदली कलकत्त्याला झाली आहे. नाशिकपासून अकराशे मैल. इथून तिकडे जाणारी गाडी नाशिक रोडवरून जातसुद्धा नाही.

रहेमान


नाशिक, ता. २४ मार्च १९३५

रहेमान यांस सलाम.

मुंबईचं पत्र बकरी ईदच्या आदल्या दिवशी आलं. दाखला परत मागवला आहे. अब्बांनी ट्रंकेतून स्वतः काढून दिला. इतक्या वर्षांत घडी तशीच होती.

ईद झाल्यावर म्हणाले, 'मालेगावला जायचं.' तिघं गेलो. मोटारीतून उतरल्यावर भिमाजी म्हणून एक टांगेवाला भेटला, त्याला मेहरुन्निसाचं घर ठाऊक होतं. 'आठेच शे,' म्हणजे इथेच आहे, म्हणत त्यानं बोळाच्या तोंडाशी नेऊन सोडलं. तिच्या घरात आता माग नाही. जिथे माग होता तिथे जमिनीत खड्डा तसाच आहे, त्यावर फळी टाकली आहे. ती दुसऱ्यांचं सूत उकलून देते.

अब्बा दारातच उभे राहिले. म्हणाले, 'बाई, तुम्ही विचारलं होतं, सूत पाहिलं होतं ना. मी पाहिलं नव्हतं.'

ती म्हणाली, 'ठाऊक आहे, साहेब.'

अब्बा म्हणाले, 'कधीपासून?'

'त्याच दिवशी. तुमच्या लेकीनं मला पाणी दिलं, तुम्हालाही दिलं. तुम्ही हात पुढे केला तो पेल्याच्या शेजारी. तेव्हा कळलं.'

'मग बोलला का नाहीत?'

'तुम्ही हो म्हणालात. त्यावर मी काय बोलणार? मी वाट पाहिली, परत काही म्हणताय का. मग उठले.'

ती माफ करते असं म्हणाली नाही. अब्बांनीही माफी मागितली नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, विणकर बायका मिळून सूत एकत्र विकत घ्यायचं ठरवताहेत, वीस-बावीस घरं आहेत. कंपनी नको, सेक्रेटरी नको. 'पण सूत बघायला कुणीतरी आपलं माणूस हवं. तुझे डोळे चांगले दिसतात, पोरी. महिन्यातून एकदा येशील का? सही नको आम्हाला. आमच्यादेखत मोज.'

अब्बांनी माझा दंड धरला होता. त्यांनी तो दाबला. मी हो म्हटलं. गाडीभाडं आणि वर थोडं देणार आहेत.

कलकत्ता नकाशात शोधला. माझ्या बोटाच्या एका पेराइतकं अंतर आहे. पेर उचलून पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलं.

सकीना


नाशिक, ता. ६ एप्रिल १९३५

रहेमान

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे ओळी एकावर एक गेल्या असतील तर माफ कर. सकीना आणि आपा बाजारात गेल्या आहेत. बोटानं कागदाची कड धरून लिहितो.

परीक्षेची अट मी घातली होती. लोकांना मोजायला मी जे माप लावलं ते मला स्वतःला लागू पडलं नाही. तुझ्यावरून ते मी काढून घेतो. तू चौथ्या पानावर जे केलंस ते सकीनानं वाचून दाखवलं. मला आणखी कुठला डिप्लोमा पाहायचा नाही.

तिला घेऊन जा. माझ्यामुळे ती थांबली आहे. टपालवाल्याची सायकल बोळात वळली की तिचं पातेलं घासणं थांबतं, हे मला दोन वर्षं ऐकू येत होतं. मला वाचणारं माणूस हवं होतं म्हणून मी ऐकलं नाही असं दाखवलं. आपा आहे माझ्याजवळ. शेजारचा वाल्मीक मास्तर संध्याकाळी पेपर वाचून दाखवतो, या पाकिटावर पत्ताही तोच घालील.

निजामुद्दीन


नाशिक, ता. १९ एप्रिल १९३५

रहेमान यांस सलाम.

त्या दिवशी बाजारातून आलो तेव्हा अब्बांच्या बोटांना शाई होती. मी काही विचारलं नाही. आठ दिवसांनी तुमचं कलकत्त्याहून पत्र आलं, 'मामूजानचं पत्र मिळालं, मी तुला न्यायला येतो', तेव्हा कळलं. अब्बांना वाचून दाखवताना मी तीच ओळ दोनदा वाचली. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, 'पुढे वाच.' पुढे काही नव्हतं.

मी येईन. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल. पण आत्ताच येता येणार नाही. मालेगावच्या बायकांनी पहिलं सूत घेतलं. बावीस घरं, चाळीस गठ्ठे. सगळ्याजणी दारात उभ्या राहिल्या आणि मी एकेक गठ्ठा उचलून नंबर वाचला, मागच्या दारापाशी मेहरुन्निसाबाई स्वतः बसल्या होत्या. आता त्यांच्यातल्या दोघींना मी आकडे शिकवते आहे. हाताशी यायला वर्ष जाईल. त्यांना मी एकदा हो म्हटलं आहे, आणि या घरातून गेलेल्या 'हो'चं काय होतं ते त्यांनी पाहिलेलं आहे.

वर्षभर थांबाल का, असं मी विचारत नाही. तुम्ही थांबाल. मला माझीच खात्री वाटत नाही. इतके दिवस वाटायचं, तुम्ही येणार की नाही ठाऊक नाही, तर मन घट्ट ठेवावं. आता येणार हे ठाऊक झालं आणि मन जागेवर राहत नाही. डाळ निवडताना तसेच खडे जातात. अब्बा चावतात आणि काही बोलत नाहीत.

म्हणून असं करा. मोहरम चालू आहे, पुढे सफर, या महिन्यांत आपल्यात निकाह करत नाहीत. ते दोन्ही महिने गेले की जूनमध्ये आठ दिवसांची रजा काढून या. नाशिक रोडला उतरा. निकाह होऊ दे, साधा, घरच्या घरी. मग तुम्ही कलकत्त्याला जा, मी इथे राहीन, आणि वर्षभर तुमची वाट पाहीन. पाहणं तेच आहे, मला ठाऊक आहे. पण आजवर मी ती वाट कुणाची कोण म्हणून पाहत होते, हे मला फूफीलासुद्धा सांगता येत नव्हतं. एकदा मला ती तुमची बायको म्हणून पाहायची आहे.

सकीना